मुठी आणि गाऱ्हाणं

पंखा बंद झाला की आमच्या घरात थंडी आली असं समजायचं. मुंबईत राहणाऱ्याला याहून मोठी खूण मिळत नाही. मुलुंडला, डोंगराच्या अंगाला राहणाऱ्या आम्हा लोकांना ती इतरांपेक्षा जरा आधी मिळते. माझी दादरची बहीण यावर हसते, पण मी रोज सकाळी फोनवर आमचं तापमान तिच्या तापमानाशी ताडून बघते आणि दोनेक अंशांचा फरक असतोच. काल पहाटे माझ्या नवऱ्याने, विलासने, स्वतः उठून पंख्याचं बटण बंद केलं. भिंतीला हात लावत लावत तो परत आला, पांघरुणात शिरला आणि म्हणाला, "इली गो बाई, थंडी इली." त्याचा आवाज इतका हळू होता की पंख्याची पाती थांबली होती म्हणूनच मला शब्द कळले.

मग मी जागीच राहिले. समोरच्या इमारतीच्या कुंपणाशी सातविणीची दोन झाडं आहेत. वर्षभर त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण या दिवसांत ती फुलतात आणि त्यांचा जड, गोडसर वास पहाटे खिडकीतून आत येऊन बसतो. काहींचं त्याने डोकं दुखतं. मला तो वास आला की वाटतं, कुणीतरी बाहेरगावाहून आलंय आणि अजून बॅगही उघडलेली नाही.

विलासला तो वास येत नाही. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याचं नाक गेलं होतं, पण तेव्हा आम्ही ते सर्दीच्या खात्यावर टाकलं. जेवताना तो विचारायचा, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घातली नाहीस का? मी चिडायचे. म्हणायचे, वास येत नाही का तुला? खरंच येत नव्हता. पुढे उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलायला लागला, चालताना तोच हात अंगाशी चिकटून राहायला लागला, आणि मग डॉक्टरांनी पार्किन्सन्स हे नाव सांगितलं.

मी विम्याचे दावे तपासायचं काम करते. 'खूप', 'जरा', 'बऱ्यापैकी' असे शब्द कागदावर दिसले की माझी पेन्सिल थांबते. किती खूप? कशाच्या मानाने जरा? त्यामुळे हा आजार घरात आला तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर तो मोजता येत नाही याचा. ताप असता तर अंश असते, साखर असती तर आकडा असता. इथे डॉक्टर विचारतात, कसं वाटतंय? विलास म्हणतो, बरं. आणि त्या 'बरं'ची नोंद होते.

सातविणीचा वास आला की मला आता गेल्या वर्षीची थंडी आठवते. आठवते म्हणजे ओळीने नाही. एखाद्या सकाळी धुक्यातून डोंगराचा एकच तुकडा दिसतो आणि बाकीचा कुठे गेला ते कळत नाही, तशी.

लाल मुठी आठवतात. आमच्या मागच्या गल्लीत एक जुनं मंगल कार्यालय आहे. लग्न नसेल त्या दिवशी सकाळी तिथला हॉल पार्किन्सन्सच्या लोकांसाठी बॉक्सिंगच्या वर्गाला दिलेला असतो. बॉक्सिंग म्हणजे कुणी कुणाला मारत नाही. हातात ग्लोव्ह्ज घालायचे, पाय फाकवून उभं राहायचं आणि टांगलेल्या बॅगेवर किंवा शिकवणारीच्या हातातल्या गाद्यांवर ठोसे मारायचे. डॉक्टरांनी सुचवलं तेव्हा मी विलासकडे बघितलं आणि विलासने माझ्याकडे.

"आयुष्यात एकदाच मारामारी केलीय मी," तो म्हणाला. "चाळीतल्या नळावर. आणि हरलोय."

"कुणाशी?"

"तुझ्या आईशी."

आम्ही कांजूरमार्गला एकाच चाळीत वाढलो. म्हणून लग्नानंतरही माझ्या तोंडात 'अहो' कधी बसलं नाही. सासूबाईंनी दोन-तीन वर्षं वाट बघितली आणि मग नाद सोडला.

तर तो हॉल. डिसेंबरात लग्नं भरपूर, त्यामुळे वर्गाच्या सकाळी आदल्या संध्याकाळचं लग्न अजून पुरतं गेलेलं नसायचं. स्टेजवर ती सोनेरी, लाल मखमलीची दोन सिंहासनं. खांबांना कोमेजलेला झेंडू. कोपऱ्यात झाडून लावलेल्या अक्षतांचा गुलाबी ढीग. झाडून झाल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असा निकिताचा नियम होता, कारण अक्षतांवरून पाय घसरतो. निकिता म्हणजे शिकवणारी फिजिओथेरपिस्ट, आमच्या लेकीच्या वयाची, केस घट्ट बांधलेली, आवाज बाजारात भाजी विकेल असा. उंच खिडक्यांतून ऊन तिरकं आत यायचं, धूळ त्यात तरंगत राहायची, आणि त्या उन्हात आठ-दहा म्हातारी माणसं लाल ग्लोव्ह्ज घालून उभी असायची. लांबून ते हात मला रतांब्यांसारखे दिसायचे. कोकमाच्या झाडाला लागलेले पिकले रतांबे, वाऱ्याने किंचित हलणारे.

हलायचे हे खरंच. पण एक गोष्ट मी तिथे बसून बसून पाहिली. हात नुसता लोंबत असला की थरथरतो. ठोशासाठी उचलला की थांबतो, निदान विलासचा थांबतो. तेवढ्या क्षणापुरता तो हात कुणाचाही असू शकतो, चाळीतल्या गच्चीवर पतंगाचा मांजा ओढणाऱ्या मुलाचासुद्धा.

पहिल्या दिवशी विलासने बॅगेवर ठोसा मारला तो असा, की आत कुणी झोपलंय आणि आपण दार वाजवतोय.

"काका," निकिता म्हणाली, "दार वाजवायचं नाहीये. तोडायचंय."

"तोडलं तर भरून कोण देणार?"

"मी देते. तुम्ही तोडा."

शेजारच्या बॅगेवर ठक्करभाई होते. त्यांचं मुलुंडात हार्डवेअरचं दुकान, आता मुलगा बघतो. चेहरा या आजारात अनेकांचा होतो तसा कोरा झालेला, त्यामुळे ते विनोद करतात तेव्हा कळायला वेळ लागतो. ते म्हणाले, "पन्नास वर्षे गिऱ्हाइकाला हात जोडले, विलासभाई. आता त्याच हाताने मारायला सांगते ही पोरगी. सवय कशी होणार?"

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी विलासचा बूट बॅगेला लागला. त्याने ताबडतोब ग्लोव्हची मूठ बॅगेला लावली आणि मग आपल्या छातीला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे हाडात बसलेलं. वाकताना तोल गेला, निकिताने पाठीमागून पट्टा धरला म्हणून सावरला.

"काका, बॅग आहे ती. देव नाहीये."

"रोज सगळ्यांचा मार खाते आणि काही बोलत नाही," विलास म्हणाला. "मग देवच झाली ना?"

त्यानंतर वर्गात नियम झाला, की पाय लागला तर नमस्कार उभ्यानेच करायचा.

निकिताने मला एकदा समजावून सांगितलं आणि ते मला पटलं, कारण त्यात मापाची गोष्ट होती. या आजारात आतली फूटपट्टी बिघडते. माणसाला वाटतं आपण हात पुरता लांब केला. प्रत्यक्षात तो वीतभर गेलेला असतो. वाटतं आपण टांगा टाकत चाललोय. पावलं सरपटत असतात. अक्षर बारीक होत जातं आणि लिहिणाऱ्याला ते नेहमीएवढंच दिसतं. आवाजाचंही तसंच. "काकांना आतून वाटतं ते ओरडतायत," ती म्हणाली. "म्हणून इथे सगळं वाजवीपेक्षा मोठं करायचं. ठोसा मोठा, पाऊल मोठं, आवाज मोठा. त्यांना लाज वाटेल एवढं मोठं केलं की कुठे ते आपल्याएवढं होतं."

त्या दिवशी घरी येताना मला उगीचच वाटत राहिलं की विलास आतून ओरडतोय. गेली दोन-तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात, जिन्यात, बाजारात तो मोठमोठ्याने बोलतोय आणि मी 'काय? काय म्हणालास?' असं विचारतेय. एखाद्या स्वप्नात आपण हाक मारतो आणि समोरचा वळून बघत नाही, तसं त्याला रोज जागेपणी होत असणार.

आवाजाचं मला इतकं लागण्याचं कारण होतं.

विलासच्या घराण्याकडे गाऱ्हाणं आहे. कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही कार्य असलं, पूजा, जत्रा, गणपती, की सगळे देवासमोर उभे राहतात आणि एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. मालवणीत, मोठ्याने, घरातल्या वडीलमाणसाशी बोलावं तसा. "बा देवा महाराजा" म्हणून सुरू करायचं, एकेक मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय महाराजा!" गावात माझे सासरे घालायचे. गिरणीत लागल्यावर ते कांजूरच्या चाळीत घालायला लागले, आणि त्यांच्यामागे विलास. आता चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. गावच्या लोकांचा माघी गणपती पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या गच्चीवर, दोन विंगांच्या मध्ये बसतो. पण दुपारची आरती झाली की मुलुंडहून विलासने जायचं आणि गाऱ्हाणं घालायचं, हे बदललेलं नव्हतं.

या रिवाजाला दोन अटी. गाऱ्हाणं माईकवर घालत नाहीत; देवाला ऐकू येतं, आणि माणसांना ऐकू जाईल एवढा आवाज घालणाऱ्याने काढायचा असतो. आणि घालणारा स्वतःसाठी काही मागत नाही. सगळ्यांची पोरंबाळं, नोकऱ्या, आजारपणं, रखडलेली लग्नं, सगळं मागून झाल्यावर तो नुसता मागे सरतो.

डिसेंबरच्या एका रविवारी विलासचा पुतण्या प्रशांत आला. मंडळाचा तो सेक्रेटरी. चहा झाला, खाजं झालं, इकडचं तिकडचं झालं. मग तो कप खाली ठेवून म्हणाला, "काका, यंदा तुमी नुसते उभे रवा. गाऱ्हाणा मी घालतंय. तुमच्या नावानंच घालतंय."

विलास काहीतरी म्हणाला.

"काय?" प्रशांतने विचारलं आणि तो लगेच माझ्याकडे बघायला लागला, मी सांगावं म्हणून.

"तुझा आवाज माईकवाचून पोचत नाय, असं म्हणतोय," मी म्हटलं.

"मग माईक घेतंय ना. पोरांका आता सवयच ती. काकी, तुम्ही सांगा. उगाच मधेच आवाज बसलो, चारशे माणसांसमोर, तर काकांकाच वाईट वाटतला."

मला प्रशांतचं पटलं. खोटं कशाला सांगू? चारशे माणसं, मोकळी जागा, एका बाजूला रस्ता. आवाज किती पोचेल याचा अंदाज मी मनात करून बघितला होता आणि तो पहिल्या दोन रांगांच्या पुढे जात नव्हता. मी रिकामे कप गोळा करायला लागले. विलास आपला हलणारा हात दुसऱ्या हाताने धरून बसला आणि, या वेळी ऐकू येईल असं, म्हणाला, "माघी अजून लांब हा."

प्रशांत गेल्यावर मी विचारलं, "आणि समज, घातलंस. तर या वर्षी स्वतःसाठी मागशील?"

"तसा रिवाज नाय."

"माईकचा रिवाज मोडायला निघालेत ना ते? मग तू हा मोड."

"सरिता, बाबांनी गिरणी बंद पडली त्या वर्षीपण स्वतःसाठी मागूक नाय," तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

त्याच आठवड्यात कधीतरी वर्गात निकिताने सांगितलं, की नुसते आकडे मोजत ठोसे मारून आवाज निघत नाहीये तुमचा. प्रत्येकाने आपल्या घरची काहीतरी आरोळी आणा. ठक्करभाई दुकानातल्या नोकराला घालायचे ती हाक घालून मोकळे झाले. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या 'गप्प बसा!' म्हणून असा ठोसा द्यायच्या की खुर्च्यांवर गप्पा मारत बसलेल्या आम्ही बायका खरंच गप्प बसायचो. विलासची पाळी आली. त्याने डावा पाय पुढे घेतला, हनुवटी खाली केली आणि पुटपुटला, "होय महाराजा."

"काय?" निकिता.

"होय महाराजा."

"कोण महाराजा? ऐकू नाही आलं त्याला."

मला हसू आलं आणि मीच खुर्चीवरून उठून सगळ्यांना गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून ठक्करभाई म्हणाले, "हे सारूं, एकदम छान. मागणारा एक आणि सही सगळ्यांची!" तेव्हापासून ती वर्गाचीच आरोळी झाली. निकिता ओरडायची, "पाठ ताठ!" आणि सगळे ठोसा मारत ओरडायचे, "होय महाराजा!" "पाऊल मोठं!" "होय महाराजा!" गुजराती, तमिळ, मालवणी, सिंधी, ज्याच्या त्याच्या तोंडात ते वेगळं व्हायचं आणि हॉलच्या रिकाम्या छतावर जाऊन एक व्हायचं. बाहेर कुणीतरी म्हणे चौकशी करून गेलं, की सकाळी सकाळी कुठल्या गावची वरात आलीय.

आणखी एका कामाला ती आरोळी आली. या आजारात चालता चालता पाय अचानक जमिनीला चिकटतात. दार, उंबरा, अरुंद जागा आली की जास्तच. हॉलच्या दाराला पितळेची पट्टी आहे. तिच्यापाशी विलास हटकून थांबायचा. आतून सगळं पुढे निघालेलं, पाय मात्र मागेच. मी सुरुवातीला हात धरून ओढायचे. ओढलं की माणूस पडतो, हे मला निकिताने सांगितलं. तिने त्या पट्टीपुढे एक रंगीत काठी आडवी ठेवली. म्हणाली, "काका, ही ओलांडा. नवरी माप ओलांडते ना, तसं."

"ह्या वयात मी नवरी," विलास म्हणाला, पण पाय उचलला गेला.

काठी नसेल तेव्हा आवाज चालायचा. कुणाचाही पाय अडला की बाकीचे जिथे असतील तिथून ओरडायचे, "होय महाराजा!" आणि पाय सुटायचा. दर वेळी नाही, पण बहुतेकदा. का सुटतो, याचं निकिता उत्तर द्यायची, की चालण्याची आतली लय हरवली तर बाहेरची उसनी घेता येते. मला ते उत्तर पुरेसं आहे. तरी त्या धुरकट सकाळी, रिकाम्या सिंहासनांसमोर, एक माणूस दारात अडकून उभा आहे आणि आठ माणसं लाल मुठी उचलून त्याला 'होय' म्हणतायत, हे बघताना मला उत्तराची गरज वाटायची नाही.

हळूहळू थंडी गडद झाली. गडद म्हणजे मुंबईच्या मानाने. बाजारात ओले हरभरे आले, आमच्या मजल्यावर कुणाकडे तरी उंधियू शिजला की जिन्यात ओव्याचा वास रेंगाळायचा, आणि डोंगर दहा वाजेपर्यंत दिसायचा नाही. विलास घरीही सराव करायचा. गॅलरीत उभा राहून, डावा पाय पुढे, मुठी गालांपाशी. समोरच्या इमारतीतली एक लहान मुलगी आपल्या गॅलरीतून त्याच्याकडे बघून मुठी वर करायची. मी आत भाजी निवडता निवडता ऐकायचे. कधी ठोसा आणि शब्द बरोबर यायचे, कधी ठोसा जायचा आणि शब्द मागे राहायचे. सुधारणा आहे का, असं बहिणीने फोनवर विचारलं. मी म्हटलं, आजार होता तिथेच आहे, तो बरा होतो असं कुणी म्हणालेलं नाही. पण स्वयंपाकघरातून मी 'काय?' म्हणणं कमी झालंय.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की त्या थंडीत मी तापमानही रोज बघत नव्हते.

माघी गणपतीच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. ठक्करभाई मागे लागून आमच्याबरोबर आले. "रोज होय म्हणतो," ते म्हणाले, "ज्याला म्हणतो तो महाराजा एकदा बघायला पाहिजे ना." पोडियमवर मांडव, वर दोन विंगांच्या मधला आकाशाचा उभा तुकडा, उदबत्त्यांचा धूर त्यात सरळ वर चढत होता. जिथे मूर्ती बसवली होती तिथेच पूर्वी आमचा नळ होता, साधारण. माणसं माझ्या अंदाजापेक्षा जास्तच होती. प्रशांत माईक हातात घेऊन बाजूला उभा होता, बटण बंद ठेवून. ते त्याने बंद ठेवलं होतं, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आरती संपली. विलास पुढे झाला. माणसं हात जोडून उभी राहिली, तशी दरवर्षी राहतात. विलासने हात जोडले नाहीत. त्याने डावा पाय पुढे घेतला, उजवा मागे, गुडघे किंचित वाकवले आणि दोन्ही मुठी हनुवटीपाशी आणल्या. गणपतीसमोर.

मागून एक म्हातारी म्हणाली, "अरे, ह्यो देवाक मारता की काय?"

"बा देवा गणपती महाराजा!" विलास ओरडला आणि डावी मूठ पुढे गेली.

ओरडला, हा शब्द मी जपून वापरतेय. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. क्षणभर कुणाला काय करावं कळलं नाही आणि मग सगळं पोडियम म्हणालं, "होय महाराजा!"

"आज जी काय तुझी लेकरां हय जमली हत, तेंका सुखी ठेव महाराजा!"

"होय महाराजा!"

"जी पोरां परदेशात हत, तेंची वाट सांभाळ महाराजा! जेंच्या घरात आजारपण हा, तेंका बळ दी महाराजा!"

"होय महाराजा!"

प्रत्येक मागण्याबरोबर एक ठोसा. डावा, उजवा, डावा. लहान मुलांनी मुठी वळल्या होत्या. मी विलासच्या पाठीकडे बघत होते. शर्ट घामाने चिकटला होता.

"आणि महाराजा..." तो म्हणाला, आणि थांबला.

हॉलच्या दारात थांबायचा तसा. मुठी वरच होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. पहिल्यांदा लोकांना वाटलं तो आठवतोय. मग कुणीतरी खोकलं. एक मूल रडायला लागलं आणि त्याला गप्प केलं गेलं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ऐकू यायला लागल्या. प्रशांतने माईक उचलला, अंगठा बटणावर नेला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. उजवी मूठ हलायला लागली होती, हवेत, सगळ्यांना दिसेल अशी.

तेवढ्यात पार मागून, चपलांच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या ठक्करभाईंनी छाती भरून आरोळी ठोकली, "होय महाराजा!"

सगळी माणसं वळून बघायला लागली. हशा पिकला. "अहो शेठ," कुणीतरी ओरडलं, "अजून मागूक नाय काय!" ठक्करभाई कोऱ्या चेहऱ्याने तसेच उभे, मूठ पुढे. त्यांच्या हिशेबाने त्यांनी काही चूक केली नव्हती. माणूस अडला की असंच ओरडायचं असतं.

विलासचा खांदा सैल झाला. मागचा पाय फिरला, कंबर फिरली, निकिता शिकवते तसा पुरा उजवा ठोसा सुटला आणि त्याच्याबरोबर आवाज.

"वाकडा असात ता सरळ कर महाराजा! चुकला असात ता पोटात घाल महाराजा!"

"होय महाराजा!" वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांमधूनही आलं ते. कबुतरं उडाली. प्रशांत माईक खाली ठेवून दोन्ही हात उंचावून ओरडत होता.

परतताना ठक्करभाईंना त्यांच्या मुलाने गाडीतून नेलं. आम्ही रिक्षा केली. दुपार होती, भांडुपच्या पुढे गेल्यावर डोंगर दिसायला लागला, निळा, कडा पुसलेला. विलासच्या मांडीवर प्रसादाचा द्रोण होता आणि तो द्रोण हलत होता, त्यातले शेंगदाणे खुळखुळल्यासारखे. मी त्यावर हात ठेवला नाही. तो दमला होता, आवाज परत खाली गेला होता, मला त्याच्याकडे झुकून बसावं लागत होतं.

"सगळ्यांसाठी मागितलंस," मी म्हटलं. "शेवटी स्वतःसाठी नाहीच."

"मागितलंय."

"कधी? मी प्रत्येक शब्द ऐकला."

"मधे थांबलो होतो ना, तेव्हा." रिक्षा सिग्नलला उभी राहिली म्हणून मला पुढचं ऐकू आलं. "आवाज फुटत नव्हता. म्हटलं, तेवढ्यात मनातल्या मनात मागून घेऊ. कोणाला कळणार?"

"आणि?"

"आणि काय?" विलास म्हणाला. "ठक्करभाई होय म्हणाले."